कुंभिवलीची नायिका

गवताने शीग लावून भरलेली बैलगाडी वळणावर कलली, आणि वरची एक पेंढी सुटून थेट धोंडीच्या वालाच्या शेतात येऊन पडली. चिमा तिथेच ओणवी होऊन शेंगा खुडत होती. पेंढी तिच्या अंगावर पडली नाही, पण टोपलीवर मात्र नेमकी पडली. सकाळपासून खुडलेल्या शेंगा चहूकडे उधळल्या.

"डोळे फुटले का रं?" असं म्हणतच ती ताठ उभी राहिली... आणि समोरचा गाडीवान बैलांपेक्षा जास्त घाबरलेला पाहून तिला पुढचं बोलणं आठवेना.

तो उडी मारून खाली आला आणि मुकाट्याने शेंगा वेचू लागला. शिडशिडीत अंगाचा, सावळा, केसांत गवताच्या काड्या अडकलेला.

"चुकलंच," तो म्हणाला. "बैल नवे हायत."

"बैल नवे, का गाडीवान?"

तो हसला. मग टोपलीत ओंजळ रिकामी करता करता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमी धोंडीमामांची चिमा तर नव्हं? नाटकांचा निकाल आधीच सांगणारी?"

चिमाची मान जराशी वर झाली. तेवढी ऐट तिला शोभतही होती.

कारण त्यांच्या चौक गावच्या देवळापुढे दर माघात संगीत नाटकांची चुरस लागायची. भिसेगाव, खालापूर, कुंभिवली अशा गावोगावच्या हौशी मंडळ्या यायच्या. नायकाला एक, नायिकेला एक आणि गाण्याला एक, अशी रुप्याची पदकं असायची. नायिका म्हणजे अर्थातच लुगडं नेसलेला बाप्या. गावच्या मंडळीत बाईमाणूस उभं राहील हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटचं नाटक झालं की कर्जतहून बोलावलेले परीक्षक प्रत्येक पदकासाठी तीन नावं निवडायचे. ती नावं देवळाच्या ओट्यावर खडूने लिहिली जायची. त्या तिघांतून पदक कुणाचं, ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं. मधली ती एक संध्याकाळ म्हणजे सगळ्या पंचक्रोशीची चंगळ. ज्याच्या त्याच्या तोंडी अंदाज! पैजा लागायच्या त्या पोपटीच्या. हरणाऱ्याने वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरायच्या, ओवा-मीठ घालायचं, मडकं पालथं घालून वर जाळ करायचा, आणि जिंकणाऱ्याने त्या शेंगा फुंकून फुंकून खायच्या. लोक नाटकाला येत नाहीत, पोपटीच्या वासाला येतात, असं धोंडीचं ठाम मत होतं. तो स्वतः पहिल्या पदाला झोपायचा तो टाळ्यांना उठायचा.

त्याच धोंडीची लेक सांगेल ती नावं ओट्यावर उमटायची आणि सांगेल त्याच्या छातीवर पदक लागायचं. तिचा एकच नियम होता. नाव घेतलं की कारण सांगायचं. "कारण नाय तर तो अंदाज नाय, नवस झाला," असं ती म्हणायची. हा नियम पुढे सगळ्यांनीच उचलला होता, आणि बिनकारणाच्या अंदाजावर चौकात कुणी पैज धरत नसे.

"मग यंदा नायिकेचं पदक कुणाचं?" गाडीवानाने विचारलं.

"नाटकं व्हायच्या आधी कसं सांगू? पण भिसेगावचा चांगो तिघांत असणार, ते धरून चाला."

"अन् कुंभिवलीचा?"

"कुंभिवलीचा कोण? गेल्या साली दासी झालेला तो? यंदा त्यालाच नायिका केलाय म्हणं."

"तोच. वाल्मिक त्याचं नाव."

"त्याचं नाव ओट्यावर नाय यायचं," चिमाने शेंगा झटकत निकाल देऊन टाकला.

"का?"

"लुगडं नेसतो ते बैलावर झूल टाकल्यासारखं. घागर घेऊन आला, तर ती रिकामी हाय हे मागच्या रांगेलाबी कळलं. अन् मालकीण ढसाढसा रडत असताना हा बाजूला उभा राहून काय करत व्हता? नसलेल्या मिशीवरून बोट फिरवत व्हता!"

बोलता बोलता तिने वर पाहिलं. गाडीवानाचं बोट ओठाच्या वर जाऊन तसंच थांबलं होतं.

चिमाच्या हातातली शेंग गळून पडली.

"तुमी...?"

"मीच ती झूल," वाल्मिक म्हणाला, आणि इतका मनापासून हसला की शरमेने लाल झालेल्या चिमालाही हसू आवरेना. पण बोललेलं परत घेईल तर ती चिमा कसली!

"खोटं नाय बोलले मी," ती पुटपुटली.

"नायच. पण मी तरी काय करायला पायजे व्हतं? माझं वाक्य झालं व्हतं."

"तिथंच तर सगळं हाय! आपलं पद म्हणताना सगळेच नायिका असतात. दुसरा बोलत असताना जो नायिका असतो, त्याचं पदक. मी बोलणाऱ्याकडं बघतच नाय. ऐकणाऱ्याकडं बघते."

वाल्मिक पेंढी गाडीवर फेकत म्हणाला, "अन् माझं नाव आलं ओट्यावर, तर?"

"तुमच्या अख्ख्या मंडळीला माझ्या हातची पोपटी."

"अन् पदक नाय मिळालं तर?"

"तर लुगडं नेसून आमच्या विहिरीवर यायचं. भरलेली घागर न्यायची. सगळ्या बायांदेखत."

"कबूल!" तो म्हणाला आणि बैलांच्या पाठीवर थाप मारून गाडीत चढला. गाडी वळणाआड गेली तरी घुंगरं ऐकू येत होती... आणि चिमा ती ऐकत उभी होती.

गवताची गाडी कुंभिवलीहून कर्जत स्टेशनला जायची, तिथून गवत मुंबईला. वाट चौकवरूनच होती, त्यामुळे गाडी शेताशी थांबण्यात तसं काही वावगं नव्हतं. बैलांना पाणी तर पाजायलाच हवं. आता बैलांना पाणी इतक्या वेळा लागतं हे धोंडीच्या शेजाऱ्यांना नव्यानेच कळलं, ती गोष्ट वेगळी.

वाल्मिक शेतालगतच्या विहिरीच्या काठाशी उभा राहायचा आणि बघायचा. चिमा काही शिकवत नव्हती. तसं तिने बजावलंच होतं. पण घागर उचलताना ती उगाच सावकाश उचलायची, आणि वाकण्याआधी श्वास सोडायची तो जरा ऐकू येईल असा.

"आधी श्वास, मग घागर," तो स्वतःशीच म्हणायचा.

"काय म्हणालात?"

"काय नाय. बैलाशी बोलत व्हतो."

"बैल नायिका होणार हाय का?"

"बैलाला लुगडं शोभतं, असं एका जाणकार बाईनं सांगितलंय."

मग ती हसू लपवायला पाठ फिरवायची, आणि पाठ फिरवताना पदर कसा सावरते तेही तो बघून ठेवायचा.

हळूहळू त्याला तिच्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला ते कळू लागलं, आणि तिला घुंगरांवरून गाडी भरलेली की रिकामी ते. एकदा सलग काही दिवस गाडी आलीच नाही. कुठे आजारी पडला? का कर्जतहून दुसऱ्या वाटेने जाऊ लागला? चिमा उन्हं कलेपर्यंत रस्त्याच्या कडेचीच सरी खुडत राहिली. तिची विधवा आत्या भागूबाई बांधावर बसून हे सगळं बघत होती.

"यंदा रस्त्याकडच्याच शेंगा पिकल्या वाटतं गं?" ती म्हणाली.

चिमाने ऐकलंच नाही असं दाखवलं. आई गेल्यापासून घर तिने आणि आत्यानेच ओढलं होतं. त्यात लग्नाचं लांबलं, आणि आता आत्याने खालापूरचं एक स्थळ आणलं होतं. चुरस आटोपली की पाहुणे बघायला येणार होते. चिमाने तेव्हा हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्या वेळी तिला कारण सुचलं नव्हतं. आता सुचत होतं... पण सांगायचं कुणाला?

गाडी परत आली तेव्हा तिने ते वाल्मिकला सांगून टाकलं. बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

"खालापूरचे पाहुणे येणार हायत. चुरस झाली की."

वाल्मिकने बैलाच्या गळ्यातली दोरी उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. "तुमचा अंदाज काय मग?"

"कशाचा?"

"त्यांच्या नशिबाचा."

"मी बिनकारणाचं नाव घेत नाय," ती म्हणाली. बोलताना तिची नजर जमिनीला लागली होती.

"अन् कारण असलं तर?"

चिमाने घागर उचलली. आधी श्वास सोडायचा असतो हे ती त्या दिवशी विसरली, आणि पाणी पायावर सांडलं.

ते पंचेचाळीस साल होतं. लढाई चालू होती, रस्त्याने लष्करी लॉऱ्या धुरळा उडवत जायच्या, रॉकेल आणि कापड दोन्ही रेशनवर होतं. बत्त्यांना पुरेल एवढं रॉकेल कुठून आणणार? देवळाच्या पंचांनी ठरवलं की यंदा नाटकं दुपारी व्हायची, ऊन चांगलं असताना. हे ऐकून गावोगावच्या नायिकांचं धाबं दणाणलं. बत्तीच्या पिवळ्या उजेडात गालावरची दाढी पावडरीखाली खपून जायची. भर दुपारी कशी खपणार? भिसेगावचा चांगो म्हणे खोबरेल आणि हळद लावून बसला होता.

"माझं तर आटोपलंच," वाल्मिक म्हणाला. "हा हिरवा गाल कुठं लपवू?"

"गालाकडं कोण बघतंय? हातांकडं बघतील."

"तुमी कुठं बघाल?"

"मी... सगळीकडं," चिमा म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

कुंभिवलीचं नाटक शेवटचं होतं. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत होतं, आणि बायकांची बाजू रंगभूमीच्या इतकी जवळ की तोंडावरचा घामही दिसावा. रात्रीच्या नाटकात बायका अंधारात असायच्या. आज नटांना बायका दिसत होत्या आणि बायकांना नट. चिमा आत्याच्या शेजारी पुढेच बसली होती.

पडदा वर गेला. नायिका घागर घेऊन आली, आणि चिमाने मनात म्हटलं, भरलेली हाय! आत पाण्याचा थेंब नव्हता, पण त्याच्या मानेला, कमरेला, पावलांना पाण्याचं ओझं होतं. लुगड्याला एक ठिगळ होतं, ते दंडाखाली दाबून धरायची त्याची धडपडसुद्धा एखाद्या गरीब घरच्या सुनेसारखी वाटली. गाल हिरवा होता. पण थोड्या वेळाने तो कुणाला दिसेनासा झाला.

दुसऱ्या अंकात नायक हिरामण लांबलचक बोलत होता. चिमा सवयीने त्याच्याकडे पाहतच नव्हती; ती ऐकणाऱ्या नायिकेकडे पाहत होती. नायिकेने पदराचं टोक बोटावर गुंडाळलं, पुन्हा गुंडाळलं, आणि नायकाचं बोलणं संपताच झटकन सोडून दिलं.

"अगो बाई!" भागूबाईने तिला कोपर मारलं. "ही तर तू!"

"मी? मी कुठं असं करते?"

पण तिचं बोट तिच्या स्वतःच्या पदरात गुंडाळलेलं होतं. मागच्या रांगेत खसखस पिकली. पलीकडे पुरुषांच्या बाजूला धोंडी, जो आजवर एकाही नाटकात जागा राहिला नव्हता, खांबाला टेकलेली पाठ सोडून ताठ बसला होता.

चिमाला लाज वाटली, रागही आला... आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी इतकं गोड वाटलं की ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. इतकं कुणी आपल्याला पाहिलं होतं! तिने स्वतःला पाहिलं नव्हतं तेवढं.

आणि मग तिसरा अंक आला. नायिका रुसलेली, नायक पद म्हणून तिला आळवतो, आणि ती कणाकणाने त्याच्याकडे वळते, असा तो प्रसंग. हिरामणने सूर लावला. नायिका वळली... पण नायकाकडे नाही. ती वळली बायकांच्या बाजूला. वाल्मिकचे डोळे थेट चिमाच्या डोळ्यांत येऊन थांबले. क्षणभरच. पण त्या क्षणात रंगभूमीवर नायिका नव्हती, हिरवा गाल असलेला गाडीवान होता, आणि त्याला काय म्हणायचं होतं ते चिमाला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

ती मनातून मोहरून गेली. आणि त्याच वेळी तिच्यातल्या जाणकार बाईने कपाळावर हात मारून घेतला. गेलं! पदक गेलं!

संध्याकाळी ओट्यावर खडूने नावं लिहिली गेली. नायिकेच्या पदकासाठी भिसेगावचा चांगो, खालापूरचा एक जण, आणि तिसरं नाव कुंभिवलीच्या वाल्मिकचं.

चिमा पैज हरली होती. शेताच्या कडेला तिने स्वतः मडकी भरली. धोंडीने पेंढा पेटवला, आणि कुंभिवलीची अख्खी मंडळी जाळाभोवती बसली. निम्मा चौकही जमला. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला तर चर्र झालं, पोपटी तयार. केळीच्या पानांवर वाफाळत्या शेंगा ओतल्या गेल्या, भांबुर्डीचा वास सुटला, आणि ज्याची सगळे वाट पाहत होते तो प्रश्न हिरामणने विचारला.

"चिमाताई, नायिकेचं पदक कुणाचं?"

सगळ्यांची तोंडं थांबली. वाल्मिक जाळाच्या पलीकडे बसला होता. तो ऐकत होता.

"भिसेगावच्या चांगोचं," चिमा म्हणाली.

एकच गलका झाला. "असं कसं? चांगोचं काम काय एवढं?" "आमची नायिका बघून बाया रडल्या!" हिरामण तर उठूनच उभा राहिला. "कारण सांगा. तुमचाच नियम हाय. वाल्मिकला का नाय?"

चिमाने शेंग सोलली. दाणे हातात तसेच राहिले. कारण तिला माहीत होतं, अगदी लख्ख माहीत होतं. ते सांगितलं तर उद्या गावभर होईल, खालापूरच्या पाहुण्यांपर्यंत जाईल, बाप काय म्हणेल देव जाणे. आणि नाही सांगितलं तर? एखादं खोटं कारण देऊन टाकावं, गाणं बेसूर झालं म्हणून? पण तो बेसूर झाला नव्हता. इतक्या वर्षांत तिने एकदाही खोटं कारण दिलं नव्हतं, आणि पहिलं खोटं त्याच्याबद्दल द्यायचं?

"तिसऱ्या अंकात," ती हळू म्हणाली, "नायक पद म्हणत व्हता, तेव्हा नायिका... नायकाकडं बघत नव्हती."

"बघा!" हिरामण ओरडला. "मी एवढा जीव तोडून आळवतोय, अन् हा बघतोय भलतीकडं! मला वाटलं भास झाला. कुणाकडं बघत व्हतास रं?"

वाल्मिकने चिमाकडे पाहिलं. उत्तर त्याने द्यायचं नव्हतं. अंदाज तिचा होता.

"माझ्याकडं," चिमा म्हणाली.

जाळात पेंढा तडतडला. एका बाईने "अगो बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. चिमाने मान खाली घातली होती, पण बोललेल्या शब्दापासून ती तसूभर हलली नव्हती.

शेवटी धोंडीने घसा खाकरला.

"आज मी झोपलो नाय," तो म्हणाला. "का, म्हायत हाय? दुसऱ्या अंकात त्यानं पदर बोटाला गुंडाळला. हिची आई असंच करायची, मी बोलत असलो की. मी बोलतच राहायचो, तिनं ते सोडू नये म्हणून." त्याने डोळे पुसले आणि धुराला शिवी घातली. मग वाल्मिककडे वळून म्हणाला, "एवढं नीट बघितलंस रं तू माझ्या पोरीला?"

"व्हय, मामा."

"आत्तापासनंच मामा!" भागूबाई म्हणाली, आणि कोंडलेलं हसू सगळीकडून फुटलं.

"हसू नका," धोंडी म्हणाला. "पोरीनं कारण दिलंय, ते खरं ठरायला पायजे. उद्या पदक चांगोला गेलं, तर हा तिच्याकडंच बघत व्हता. मग मी खालापूरला नको म्हणून निरोप धाडतो. पण पदक यालाच मिळालं, तर हा नायकाकडं बघत व्हता, अन् माझी पोर उगाच चार लोकांत बोलून बसली. मग हा आपल्या वाटेनं अन् आमी आमच्या. कबूल?"

"कबूल," वाल्मिक म्हणाला. हिरामणने त्याच्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. कुंभिवलीचे लोक आपल्या नायिकेसाठी गणपतीला नारळ घेऊन आले होते. आणि ती नायिका, साध्या बंडीत आणि धोतरात, खांबाशी उभी राहून त्याच गणपतीला नेमकं उलटं मागणं मागत होती. चिमा बायकांत उभी होती. तिच्या बोटावर पदराचे किती वेढे पडले होते ते तिचं तिला ठाऊक नव्हतं.

परीक्षक म्हातारे होते, सावकाश बोलणारे. नायकाचं पदक हिरामणला गेलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"नायिकेच्या पदकाबद्दल दोन शब्द बोललं पाहिजे," ते म्हणाले. "कुंभिवलीच्या वाल्मिकने जे काम केलं, तसं काम आम्ही फार वर्षांत पाहिलं नाही. ती घागर! तो पदर! डोळे मिटून पदक द्यावं, असे ते दोन अंक..."

चिमाने बोटावरचा पदर आणखी आवळला. वाल्मिकने खांब घट्ट धरला. कुंभिवलीकर टाळ्या वाजवायला हात वर करून बसले होते.

"...परंतु," परीक्षक म्हणाले.

त्या एका शब्दावर चिमाने श्वास सोडला.

"परंतु तिसऱ्या अंकात नायकाच्या पदाच्या वेळी नायिकेचं लक्ष दुसरीकडे होतं. कुठे होतं ते आम्ही विचारत नाही. पदक भिसेगावच्या चांगोला."

भिसेगावकरांनी हलगी वाजवली. कुंभिवलीकर हळहळले. आणि पदक हरलेला वाल्मिक मात्र हातभर उडी मारून ओरडला, "बरोबर! अगदी बरोबर!" परीक्षकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं; इतक्या आनंदाने हरणारा नट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नसावा. चांगो पदक लावून घेता घेता गोंधळून गेला, कारण हरलेल्याने येऊन त्याला कडकडून मिठी मारली होती.

दुपारी गाडी शेताशी थांबली. आज तिच्यात गवत नव्हतं. वाल्मिक खाली उतरला, आणि भरलेली घागर शेजारी ठेवून वालाच्या सरीत उभ्या असलेल्या चिमाच्या समोर येऊन थांबला. घरातून धोंडीचा खणखणीत आवाज येत होता. खालापूरला काय निरोप धाडायचा ते तो भागूबाईला सांगत होता, आणि ती दर वाक्याला दुरुस्ती करत होती.

"पोपटी झकास झाली व्हती," वाल्मिक शेवटी म्हणाला. "आता माझी पैज राहिली. पदक नाय मिळालं. लुगडं नेसून विहिरीवर यायचं, सगळ्या बायांदेखत. कधी येऊ?"

तो बोलत होता तोवर चिमाने पदराचं टोक बोटावर गुंडाळलं होतं. या वेळी तिचं तिलाच दिसलं, आणि त्यालाही दिसलेलं तिला दिसलं. तिने ते सोडलं नाही.

"तुमी नेसून नका येऊ," ती म्हणाली.

"मग?"

"लुगडं घेऊन या. नेसीन मी."

वाल्मिकचं बोट नकळत ओठाच्या वर गेलं, नसलेल्या मिशीवरून फिरलं, आणि चिमा खुदकन हसली.

"कापड रेशनवर हाय गं," तो म्हणाला. त्याचं 'तुमी' कुठे गेलं ते दोघांनाही कळलं नाही. "नवं लुगडं मिळायला किती दिवस लागतील, काय सांगावं? तुझा अंदाज काय?"

"लागतील बरेच," चिमा म्हणाली. "पण मी थांबीन."

"कारण?"

"कारण तुमाला ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि भरलेली घागर उचलायला वाकली. पण त्या आधीच वाल्मिकने श्वास सोडला होता, आणि घागर त्याच्या खांद्यावर गेली होती. विहिरीवरच्या बाया बघत होत्या. तो सगळ्यांदेखत, पाण्याचा थेंब न सांडता, तिच्या घराच्या वाटेने चालू लागला.